जमीन हलते की हात

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. आमच्या घरात लिहिण्याचं काम अर्जापुरतंच येतं, आणि ते माझ्याच वाट्याला येतं. पण मुंबईच्या हॉस्पिटलात तपासणीला गेलो की बाकावर माझ्यासारखी माणसं भेटतात. किडनी बदललेली, तोंडाला मास्क लावलेली, मांडीवर औषधांची पिशवी. ऑपरेशन कसं झालं ते प्रत्येक जण सांगतो. त्यानंतरची वर्षं कशी जातात ते कोणी सांगत नाही. माझी तरी बरीचशी जेवणावरून वाद घालण्यात गेली. आणि एकदा, केवळ एका शब्दाच्या घोळामुळे, ती किडनी हातची जायची वेळ आली. तसा घोळ दुसऱ्या कोणाच्या घरात होऊ नये, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

माझं नाव दिनेश. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही राहतो. बाबा घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला जातात. आई आमचं थोडं भाताचं शेत बघते आणि हंगामात तीही वाडीत चिकू निवडायला जाते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. डहाणूला बी.ए. करतो.

तब्येत सुधारली

दहावीच्या वर्षी माझा चेहरा गोल झाला. आमच्याकडे सगळे काटकुळे, त्यामुळे घरी आनंद झाला. आई म्हणाली, अभ्यासाने पोरगं अंगाला लागलं. वर्गशिक्षिकांनीही कौतुक केलं. मामा आला तेव्हा त्याने गाल ओढून बघितला. पुढे पाय सुजले आणि चपलेत मावेनात, तेव्हा बाबांनी मोठ्या मापाची चप्पल आणली आणि म्हणाले, आता उंचीही वाढेल.

मग एका सकाळी मला अंगणातून घरात येईपर्यंत धाप लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट आल्यावर बाबांना बाहेर बोलावलं. मला कळू नये म्हणून बाहेर नेलं, पण नेमकं माझ्या खाटेशेजारच्या खिडकीखाली नेलं. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

डॉक्टर म्हणाले, "याच्या दोन्ही किडन्या गेल्यात."

बाबांनी विचारलं, "गेल्या म्हणजे कुठे?"

मला हसू आलं. नंतर एकदम रडू आलं. मला वाटतं, तेव्हापासून आमच्याकडे ही दोन्ही कामं एकत्रच चालली आहेत.

काही महिने डायलिसिसवर काढले. किडनी द्यायला आई-बाबा दोघंही तयार होते. दोघांच्या तपासण्या झाल्या. आई पास झाली, बाबा साखरेमुळे नापास झाले. त्याचं त्यांना फार लागलं. त्याच सुमारास माझा दहावीचा निकाल लागला आणि मीही पास झालो. त्यामुळे घरात नापास ते एकटेच उरले, असं ते अजून सांगतात. ऑपरेशन २०१४ मध्ये झालं. त्याच वर्षी ठाणे जिल्ह्याचे तुकडे होऊन आमचा पालघर जिल्हा झाला. माझ्या कागदांवरचा जिल्हा आणि माझ्या पोटातली किडनी एकदमच बदलली. बाबांच्या मते दोन्ही अजून नीट बसायची आहेत.

ती

आमच्या घरात किडनीला किडनी म्हणत नाहीत. "ती" म्हणतात. तिला पाणी दे. तिला ऊन लागेल, छत्री घे. सकाळी मी उठलो की आई आधी विचारते, "ती कशी आहे?" आणि मी ठीक आहे म्हटलं की म्हणते, "आणि तू?"

शेजारचे काशिनाथकाका, म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, तिला चिडवायचे, की वहिनी, तुम्ही मुलगी दिल्यासारखं करता. आई म्हणायची, दिलीच आहे. फरक एवढाच की जावई माझ्याच घरी जेवतो.

बदललेल्या किडनीला शरीर परकी समजतं आणि हाकलायला बघतं. तसं होऊ नये म्हणून जन्मभर एक गोळी घ्यावी लागते, सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळी. ती कमी पडली तर शरीर किडनीवर उठतं. जास्त झाली तर गोळीच किडनीला त्रास देते. मोबाइलमध्ये गजर लावलेला आहे. तो इतिहासाच्या तासाला वाजतो. पहिल्या वर्षी सर रागावले. आता गजर वाजला की तेच पुस्तक मिटतात आणि सगळ्या वर्गाला पाणी प्यायला सोडतात. माझ्या आजाराचा वर्गाला झालेला हा एकच फायदा.

गर्दीत मास्क लावायचा, हा दुसरा नियम. आमच्या भागात तो कोणी लावत नाही. एकदा मी डहाणूच्या बाजारात वह्या घ्यायला गेलो. पांढरा शर्ट होता, पांढरा मास्क होता. दुकानातले गुजराती शेठ उठून उभे राहिले. मला वाटलं मागे कोणी मोठं माणूस आलं. ते जैन साधूपुढे जोडावेत तसे हात जोडून म्हणाले, "दीक्षा लेवाना छो के?" मी मास्कच्या आतून म्हणालो की नाही, बी.ए. करतोय. त्यांनी मान हलवली, जणू तेही वैराग्यच.

द्राक्षबंदी

ऑपरेशननंतर घरी सोडताना आहाराच्या बाईंनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. त्या भरभर हिंदीत बोलत होत्या. कच्चं नको, उघड्यावरचं नको, मीठ कमी. मग बोट वर करून दोनदा म्हणाल्या, "ग्रेपफ्रूट बिलकुल नहीं. गोली का असर बिगड़ता है."

बाबांचा जन्म फळांत गेलेला. चिकूचं देठ बघून तो कधी पिकेल ते सांगतात. त्यामुळे फळांचा विषय निघाला तसे ते सावरून बसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "ग्रेप म्हणजे द्राक्ष ना?"

मी हो म्हणालो. इंग्रजीत मी नुकताच पास झालो होतो.

"आणि फ्रूट म्हणजे फळ. द्राक्षाचं फळ म्हणजे द्राक्षच की. मग नुसतं ग्रेप का नाही म्हणाल्या?"

"जास्त महत्त्वाचं असेल म्हणून," मी सांगितलं.

ते आम्हा दोघांनाही पटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात द्राक्ष आलं नाही. मनुका म्हणजे सुकलेलं द्राक्षच, म्हणून सत्यनारायणाच्या शिऱ्यातल्या मनुका आई उजेडात धरून वेचून काढायची. लग्नात जेवायला बसलो की बाबा वाढप्याला बाजूला घेऊन पुलावात काय काय आहे ते विचारायचे. मावशीकडे टेबलावर द्राक्षांचे घोस छापलेलं प्लास्टिक होतं. आईने माझं ताट उचलून जमिनीवर मांडलं. मावशी म्हणाली, अगं ते चित्र आहे. आई म्हणाली, असू दे, सवय नको.

चार वर्षं हे चाललं. नातेवाइकांना वाटायचं, किडनीला द्राक्षाचाच काही तरी मोठा धोका असतो. दोन घरांत तर, माझ्यामुळे, धडधाकट माणसांनीही द्राक्षं सोडली.

धक्के

२०१८ च्या नोव्हेंबरात आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीचे ते धक्के पेपरात आले होते. आधी खाणीत सुरुंग उडवल्यासारखा आवाज यायचा, मग घर अंगावर काटा आल्यासारखं शहारायचं. भांडी वाजायची, कुत्री भुंकायची, माणसं बाहेर धावायची. थोड्या वेळाने पुन्हा आत जायचं की नाही यावर अंगणात चर्चा व्हायची, आणि चर्चा संपेपर्यंत दुसरा धक्का यायचा.

आमचं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या भिंती आणि वरून शेणामातीचं सारवण. पण ऑपरेशननंतर मला धूळ नको, ओल नको, म्हणून बाबांनी बाजूला विटांची एक खोली बांधली होती. आल्या-गेल्याला ते ती आवर्जून दाखवायचे. आता भूकंपात सगळे सांगायला लागले, की कुडाच्या घराला काही होत नाही, विटांची भिंत अंगावर येते. पाड्यात धोक्याच्या म्हणून ज्या थोड्या जागा ठरल्या, त्यात माझी खोली आली. काशिनाथकाका बाबांना म्हणाले, सगळ्यांत नाजूक माणसाला तू बरोबर जागा दिलीस.

सरकारी तंबू आले, पण तंबूत एकेका ठिकाणी बरीच माणसं झोपायची, त्यांतली निम्मी खोकायची. मला ते चालणार नव्हतं. म्हणून बाबांनी माझी खाट घरामागच्या पपनसाच्या झाडाखाली नेली, वर मच्छरदाणी बांधली आणि आईची गोधडी शेजारी पडली.

पपनस म्हणजे मोसंब्याचा थोरला भाऊ. माणसाच्या डोक्याएवढं फळ, जाड साल, आत गुलाबी फोडी. दरवर्षी आमची पपनसं गणपतीत वाटण्यात जायची. मामाकडे, मावशीकडे, वाडीच्या मालकाकडे. माझ्या वाट्याला एखादी फोड यायची. त्या वर्षी झाड नुसतं लगडलं होतं. गणपतीत वाटूनही फळं उरली, आणि धक्क्यांमुळे पाहुणे यायचे बंद झाले. फळं माझ्या डोक्यावर लोंबत होती. आई रोज एक काढायची, पांढरी सालपटं सोलून, बिया काढून, फोडी मोकळ्या करून माझ्यापुढे ठेवायची. अभ्यासाला थंड असतं म्हणायची. मला आवडायचं. मी एकटा आख्खं पपनस खायचो.

बाबांचं यंत्र

डिसेंबर लागता लागता माझे हात थरथरायला लागले. पण तेव्हा कोणाचे थरथरत नव्हते? पाड्यातल्या बायका पाणी ओतताना सांडायच्या. रात्र रात्र झोप नाही, कान सारखे जमिनीकडे. मला वाटलं, मीही घाबरलोय. कॉलेजात चाचणीचा पेपर परत देताना सर म्हणाले, अक्षरावरून कळतं तू कुठून येतोस.

घरी मात्र घोटाळा झाला. मी चहाचा पेला उचलला की तो बशीवर टकटक वाजायचा. त्या आवाजाने बाबा म्हणायचे, "आला," आणि सगळे बाहेर. बाहेर उभं राहून कळायचं की कोणीच आलेलं नाही, दिनेश चहा पितोय. उलट एकदा खरोखरचा धक्का आला, मांडणीवरची भांडी वाजली, तेव्हा आई चुलीपुढून न वळता म्हणाली, "दिन्या, हात आवर." काशिनाथकाका सकाळी कुंपणावरून विचारायचे, "पहाटेचा तुझा होता की जमिनीचा?"

शेवटी बाबांनी उपाय काढला. अंगणात एक परात सपाट ठेवली, तीत काठोकाठ पाणी भरलं आणि वर तुळशीचं पान सोडलं. पाणी हललं तर भूकंप. पाणी शांत आणि पेला वाजला तर दिनेश. पाड्यातली माणसंही येऊन परात बघून जायला लागली. एकदा कोंबडी पाणी प्यायली आणि तीन घरं मोकळ्यावर धावली. तेवढी एक चूक सोडली तर यंत्र चांगलं चाललं.

आणि त्याच यंत्राने मला पकडलं. तो आठवडा जमीन बरीच शांत होती. दुपारी मी खाटेवर बसून ताक पीत होतो. पेला वाजत होता. बाबा परातीसमोर उकिडवे बसले होते. ते पाण्याकडे बघायचे, मग माझ्या हाताकडे, पुन्हा पाण्याकडे. पान एका जागी चिकटल्यासारखं उभं होतं.

"दिनू," ते म्हणाले, "जमीन थांबलीय रे. तू का नाही थांबत?"

मी हसायला गेलो, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो. पायांवर बोट दाबून बघितलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. दहावीतली मोठी चप्पल मला आठवली. आईही बघत होती. आत जाऊन तिने मुंबईला जायची पिशवी भरायला घेतली.

द्राक्षं का नाही?

क्रिएटिनिन हा एक आकडा असतो. तो किडनीची हालत सांगतो. परीक्षेच्या उलट, जितका कमी तितका चांगला. माझा एवढी वर्षं शहाण्यासारखा खाली बसला होता. त्या दिवशी तो दुपटीच्या वर गेला होता. आणि रक्तात गोळीचं प्रमाण इतकं जास्त होतं, की डॉक्टरांनी आधी नाव पुन्हा वाचून बघितलं.

त्यांना वाटलं मी दुप्पट गोळ्या घेतोय. मी नाही म्हणालो. मग त्यांनी आईला विचारलं, मग बाबांना. बाबांना राग आला. आमच्याकडे गोळीची वेळ चुकत नाही, जमीन हलत असली तरी चुकत नाही, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले की दुसरी औषधं, जडीबुटी, काही? तेही नाही. मग जेवण विचारायला लागले. मी एकेक सांगत गेलो. भात, भाकरी, डाळ, भाजी. आमच्याकडून पथ्य किती कडक पाळलं जातं ते त्यांना कळावं म्हणून मी जरा अभिमानाने म्हणालो, "आणि द्राक्षं तर चार वर्षांत एकही नाही."

डॉक्टर लिहायचे थांबले. "द्राक्षं का नाही?"

"तुमच्याकडूनच सांगितलं होतं."

"द्राक्षं खाऊ नका म्हणून?"

बाबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "साहेब, ग्रेप फ्रूट. बाईंनी दोनदा सांगितलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आधी बाबांकडे, मग माझ्याकडे बघितलं. मोबाइलवर काही तरी शोधलं आणि तो आमच्याकडे फिरवला. बाबांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. फळ ओळखायचं म्हटल्यावर ते नेहमीसारखे रंगात आले.

"हे कुठलं द्राक्ष," ते म्हणाले. "साल बघा की. फोडी बघा. हे तर आपल्या पपनसाच्या..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडात राहिला.

"पपनस?" डॉक्टर म्हणाले. "तेही ग्रेपफ्रूटच्याच जातीचं. ते खातोस तू?"

आईने पिशवीत हात घातला, स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडून टेबलावर ठेवला. वाटेत मला भूक लागली तर म्हणून तिने सकाळीच एक सोलून आणलं होतं. गुलाबी फोडी, एकही बी नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या फळामुळे गोळी अंगात साठत जाते. खातोस एक, पण ती काम करते कितीतरी गोळ्यांचं. हात त्यामुळे थरथरतात. किडनीवरही तोच मार बसतो. ते रागावले नाहीत. मला वाटतं, रागवायचं कोणावर तेच त्यांना कळेना. बाबा मोबाइल परत द्यायला विसरले होते आणि त्या चित्राकडे बघत बसले होते.

आई एवढंच म्हणाली, "रोज मी सोलून देत होते."

दुसरी

मला ठेवून घेतलं. गोळी काही काळ थांबवली, मग कमी केली. रोज सकाळी रक्त. आकडा खाली आला नाही तर सुईने किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल असं सांगितलं.

मला भीती वाटली का? वाटली. पुन्हा ते डायलिसिसचं मशीन, पुन्हा कॉलेज बंद. पण खरं सांगायचं तर मरणापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची भीती जास्त होती. ती माझी वस्तू नव्हती. आईने स्वतःचं पोट कापून दिलेली होती. ती माझ्याकडून मोडली, तर आईसमोर रोज जेवायला कसं बसायचं, हे मला कळत नव्हतं. आणि तिकडे आईला वाटत होतं की मोडली ती तिनेच. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांसमोर बसायचो आणि हवापाण्याच्या गोष्टी बोलायचो.

बाबा खाली जाऊन चहा आणायचे. एका दुपारी माझा पेला हातात देऊन ते उभे राहिले आणि कान देऊन ऐकायला लागले. पेला वाजला, पण पहिल्यापेक्षा कमी. ते बाहेर गेले आणि वॉर्डबॉय मामांनाही चहा पाजून आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून पडलो होतो. डॉक्टर फेरीला आले. आईने त्यांना खाटेच्या पायथ्याशी गाठलं. तिला वाटलं मी झोपलोय.

"डॉक्टर, ही नाही सुधारली तर माझी दुसरी आहे."

"ती तुम्हाला लागते, आई."

"मला कशाला? मला काय कॉलेजला जायचंय?"

डॉक्टर बराच वेळ फाइल वाचत राहिले. त्या फाइलमध्ये एवढं वाचण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाले, तशी घेता येत नाही, कायद्यातही बसत नाही आणि माझ्या मनातही. आई म्हणाली, "बरं. विचारून ठेवलं."

मी चादर तोंडावर ओढून घेतली.

सुई लागली नाही. आकडा उतरायला लागला, आधी कूर्मगतीने, मग जरा बरा. हात शांत झाले. पण आकडा पूर्वीच्या जागी काही आला नाही, थोडा वरच अडकला. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. थोडं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. बाकीची चांगली आहे, जपलीत तर चालेल. किती वर्षं, असं आईने विचारलं. ते म्हणाले, कोणालाच सांगता येत नाही.

निघताना मी आहाराच्या बाईंकडे गेलो. या वेळी मी आमच्या परसातल्या आणि बाजारातल्या प्रत्येक भाजीचं, प्रत्येक फळाचं नाव मराठीत विचारलं. आणि त्यांना मराठीतच उत्तर द्यायला लावलं. हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरांपुढे आपल्याला इंग्रजी येतं असं दाखवू नका. चित्र मागा. तुमच्या घरी त्याला काय म्हणतात ते नाव सांगून विचारा. लाज तेवढ्यापुरतीच वाटते.

देऊ का?

घरी आल्यावर काशिनाथकाकांनी सगळ्या पाड्यात जाहीर केलं, की भूकंपाचा एक भाग मुंबईला जाऊन दुरुस्त होऊन आला. उरलेली पपनसं तेच घेऊन गेले. मग द्राक्षांचे दिवस आले. बाबांनी तलासरीच्या बाजारातून द्राक्षं आणली, स्वतः तीनदा धुतली आणि मला समोर बसवलं. चार वर्षांनी मी द्राक्ष खाल्लं. आंबट निघालं.

आई मात्र बदलली होती. ती आता विचारल्याशिवाय काही वाढत नव्हती. भात देऊ का, हा नव्या तांदळाचा आहे. डाळ देऊ का. पाणी देऊ का, हे खालच्या विहिरीचं आहे, उकळलंय. जी बाई माझ्या ताटात न बघता वाढायची आणि नको म्हटलं तर ओरडायची, ती पळी हातात धरून परक्यासारखी उभी राहायची. आणि माझंही तसंच झालं होतं. मी प्रत्येक गोष्ट मोबाइलवर इंग्रजीत शोधायचो. तोवर जेवण गार व्हायचं. ती चूल पुन्हा पेटवायची, आणि तापवलेलं देऊ का, असं पुन्हा विचारायची. दोघंही वाळायला लागलो. बाबा एकदा वैतागून म्हणाले, तुमच्या या परीक्षेत मी पुन्हा नापास होणार, मला आधी वाढा.

परवा दुपारी तिने शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. शेवगा चालतो असं बाईंनी सांगितलं होतं, मराठीत सांगितलं होतं. तरी आई पळी घेऊन थांबली.

"देऊ का?"

मी म्हटलं, थांब, एकदा बघतो. शेवग्याच्या शेंगेला इंग्रजीत ड्रमस्टिक म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं होतं. मी ते लिहिलं. आधी कोंबडीची तळलेली तंगडी आली. मी खाली सरकवलं. दोन लाकडी काठ्या आल्या.

आईने मोबाइल माझ्या हातातून घेतला. "ही शेंग?"

"नाही. नाव तेच आहे."

"आणि ह्या काठ्या?"

"त्यांनी ढोल वाजवतात."

ती त्या चित्राकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. किडनी काढलेल्या टाक्यांच्या बाजूला हात दाबून, पळीसकट खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हॉस्पिटलातून आल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

"यांचं यांना तरी कळतं का रे?" ती म्हणाली. "बाईंनी शेवगा म्हटलं ना? मग शेवगा म्हणजे शेवगा."

तिने मोबाइल पाटाखाली सरकवला, ताट पुढे ओढलं आणि आमटी वाढली. मग आणखी एक पळी. मी पुरे म्हणालो. तिने ऐकलं नाही.